रेक्टिफायरसाठी स्विच कसा निवडावा: डायोड, थायरिस्टर, आयजीबीटी आणि मॉसफेट यांची नागपूरच्या उन्हाळ्यातील तुलना

बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वर येथील कारखान्यांत एसीचे डीसी करणारी यंत्रणा, म्हणजे रेक्टिफायर, अनेक रूपांत काम करत असते. प्लेटिंगच्या टाकीला १२ व्होल्टवर हजार अँपिअर देणारा रेक्टिफायर, उपकेंद्रातील २२० व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर, मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा पुढचा भाग, यूपीएस आणि अलीकडे विजेवरील वाहनांचे जलद चार्जर ही त्यांतली नेहमीची उदाहरणे. असा रेक्टिफायर नव्याने बनवायचा असो वा जुना बदलायचा असो, कोणता अर्धवाहक घटक वापरावा हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर घटक किती नवा आहे यावरून दिले जाते. माझ्या मते निवडीचे खरे निकष दोन आहेत. पहिला, मे महिन्यात बंद पॅनेलच्या आत त्या घटकाच्या जंक्शनचे, म्हणजे आतल्या अर्धवाहक चिपचे, तापमान किती होईल. आणि दुसरा, शॉर्ट सर्किट झाल्यावर तो किती वेळ तग धरेल. हे दोन हिशेब मांडले की बाकीची निवड बरीचशी आपोआप होते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: भाराची माहिती कागदावर उतरवणे

घटकांच्या डेटाशीट उघडण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: डीसी व्होल्टेज किती आणि ते किती मर्यादेत बदलायचे आहे, कमाल आणि नेहमीचा प्रवाह किती, किती रिपल (डीसीतील चढउतार) चालेल, भाराकडून वीज परत पुरवठ्याकडे पाठवायची आहे का, आणि यंत्र दिवसातून किती तास पूर्ण भारावर राहणार आहे. यातील शेवटचा मुद्दा अनेकदा गाळला जातो. बॅटरी चार्जर वर्षातील बहुतेक काळ फ्लोटवर, म्हणजे बॅटरी भरलेली राखणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहावर, चालतो, तर प्लेटिंगचा रेक्टिफायर पाळीभर पूर्ण भार सोसतो. या दोहोंसाठी एकच घटक योग्य असेल असे गृहीत धरू नये.

या लेखात पुढे एकच उदाहरण सोडवले आहे: ११० सेलची शिसे-आम्ल बॅटरी, प्रति सेल २.२५ व्होल्टप्रमाणे फ्लोटला सुमारे २४७ व्होल्ट, बूस्टला (जलद भरताना) आणि पहिल्या चार्जिंगला जास्तीत जास्त ३०० व्होल्ट, आणि कमाल प्रवाह १०० अँपिअर. पुरवठा महावितरणचा ४१५ व्होल्ट, तीन फेज.

दुसरी पायरी: प्रत्येक घटकाचा स्वभाव ओळखणे

डायोडला नियंत्रण नसते. पुढच्या दिशेने व्होल्टेज आले की तो वाहतो आणि प्रवाह उलटा फिरला की थांबतो. मोठ्या डायोडमध्ये पूर्ण प्रवाहाला १ ते १.५ व्होल्ट खर्च होतात; यालाच ड्रॉप म्हणतात. ५० हर्ट्झवर साधा डायोड पुरेसा असतो, परंतु २० किलोहर्ट्झच्या स्विचिंग पुरवठ्यात तोच डायोड वापरला तर बंद होताना त्याला लागणारे काही मायक्रोसेकंद इतके महाग पडतात की तो जळतो. तेथे ज्याचा रिकव्हरी काळ काही दशक नॅनोसेकंदांचा असतो असा अतिजलद डायोड किंवा शॉटकी डायोड लागतो. शॉटकीचा ड्रॉप ०.३ ते ०.६ व्होल्ट इतका कमी असतो. मात्र सिलिकॉन शॉटकी साधारणपणे १०० ते २०० व्होल्टपर्यंतच मिळतात आणि त्यांचा उलटा गळती प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. गळतीमुळे उष्णता, उष्णतेमुळे आणखी गळती असे चक्र एकदा सुरू झाले की ते थांबत नाही. विदर्भात शॉटकी वापरताना गळतीचा आकडा २५ अंशांच्या रकान्यातून न घेता १०० किंवा १२५ अंशांच्या आलेखावरून घेणे आवश्यक आहे.

थायरिस्टर, म्हणजे आपल्याकडे सर्रास ज्याला एससीआर म्हणतात तो, १९५७ साली अमेरिकेत तयार झाला आणि पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या जुन्या रेक्टिफायरची जागा त्याने हळूहळू घेतली. गेटला छोटी पल्स दिली की तो सुरू होतो. त्यानंतर गेटचा ताबा सुटतो आणि प्रवाह होल्डिंग करंटच्या (सुरू राहण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रवाहाच्या) खाली गेल्यावरच तो बंद होतो. एसी पुरवठ्यात प्रवाह प्रत्येक चक्रात आपोआप उलटत असल्यामुळे बंद करण्याची ही अडचण तेथे अडचणच राहत नाही. पल्स किती उशिरा द्यायची यावर, म्हणजे फायरिंग अँगलवर, डीसी व्होल्टेज अवलंबून असते: सहा थायरिस्टरच्या तीन फेज ब्रिजमध्ये सरासरी डीसी व्होल्टेज हे लाइन व्होल्टेजच्या १.३५ पट गुणिले त्या कोनाचा कोसाइन इतके येते. पूर्ण प्रवाहाला त्याचा ड्रॉप १.२ ते १.८ व्होल्टच्या आसपास असतो.

थायरिस्टरला जुनाट मानण्याची प्रवृत्ती मला मान्य नाही. आपल्या विदर्भातील सर्वांत मोठे रेक्टिफायर आजही थायरिस्टरवरच चालतात. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर जाणारी, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॅट क्षमतेची डीसी वाहिनी १९९९ पासून याच घटकाच्या बळावर वीज मुंबईच्या दिशेने नेते. भद्रावती येथील १,००० मेगावॅटचे बॅक-टू-बॅक (एसीचे डीसी आणि पुन्हा एसी एकाच जागी करणारे) केंद्रही थायरिस्टरचेच आहे. एकाच वेळी हजारो व्होल्ट आणि हजारो अँपिअर पेलणे, आणि चक्रात एकदाच सुरू व एकदाच बंद होणे, या कामात त्याचा हात धरणारा घटक अजून स्वस्तात मिळत नाही.

जीटीओ हा गेटनेच बंद करता येणारा थायरिस्टर आहे. तो बंद करायला मुख्य प्रवाहाच्या पाव ते पंचमांश इतका उलटा प्रवाह गेटमधून काढावा लागतो आणि सोबत मोठा स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारे सर्किट) लागतो. अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमुळे नागपूरकरांना डायोडपासून आयजीबीटीपर्यंतच्या बदलाचा इतिहास घराजवळच पाहता येतो. डब्ल्यूएजी-७ सारख्या इंजिनांत टॅप चेंजरनंतर (ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या साधनानंतर) सिलिकॉन डायोडचा रेक्टिफायर डीसी मोटरना वीज देई. त्यामुळे ब्रेक लावताना निर्माण झालेली वीज तारेत परत जाऊ शकत नसे. १९९० च्या दशकात आलेल्या डब्ल्यूएजी-९ मध्ये जीटीओचा कन्व्हर्टर आला आणि वीज दोन्ही दिशांनी वाहू लागली. नंतरच्या इंजिनांत आयजीबीटीने जीटीओची जागा घेतली. नव्या कामासाठी जीटीओचा विचार करण्याचे आता कारण उरलेले नाही.

आयजीबीटी गेटच्या व्होल्टेजवर सुरू आणि बंद असा दोन्ही वेळा आपल्या हातात राहतो. १,२०० व्होल्टच्या आयजीबीटीत १.५ ते २.२ व्होल्टचा ड्रॉप पडतो, आणि शिवाय प्रत्येक स्विचिंगला काही ऊर्जा जाते. एका सुरू-बंद फेरीत २० मिलिज्यूल जातात असे धरले तर ५ किलोहर्ट्झला १०० वॅट आणि १० किलोहर्ट्झला २०० वॅट नुसत्या स्विचिंगमध्ये खर्च होतात. म्हणूनच मोठे आयजीबीटी सहसा ५ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालवतात. रेक्टिफायर म्हणून आयजीबीटी वापरताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. प्रत्येक आयजीबीटीला समांतर असलेले उलटे डायोड मिळून एक साधा डायोड ब्रिज आपोआप तयार होतो, त्यामुळे आयजीबीटीचा तीन फेज ब्रिज, ज्याला अ‍ॅक्टिव्ह फ्रंट एंड म्हणतात तो, डीसी व्होल्टेज लाइनच्या शिखर व्होल्टेजपेक्षा खाली आणू शकत नाही. ४१५ व्होल्टला शिखर ५८७ व्होल्ट असते. व्यवहारात अशा ब्रिजची डीसी बस (डीसी बाजूची मुख्य वाहिनी) ६५० ते ७५० व्होल्टवर ठेवतात. आपल्या उदाहरणातील २४७ व्होल्ट मिळवायला त्यामागे आणखी एक डीसी-डीसी टप्पा लागेल.

मॉसफेटमध्ये ठरावीक ड्रॉप नसून रोध असतो, म्हणून प्रवाह कमी झाला की त्याचा तोटा वर्गाच्या प्रमाणात घटतो. १५ मिलिओहमचा मॉसफेट १०० अँपिअरला १.५ व्होल्ट खातो, पण २० अँपिअरला फक्त ०.३ व्होल्ट, त्याच २० अँपिअरला आयजीबीटी मात्र जवळपास एक व्होल्ट घेतोच. शिवाय मॉसफेट उलट्या दिशेनेही त्याच कमी रोधाने वाहतो. या गुणामुळे डायोडच्या जागी तो ठेवून सिंक्रोनस रेक्टिफायर बनवता येतो. त्याची एक कमतरता ध्यानात ठेवावी: उच्च व्होल्टेजच्या सिलिकॉन मॉसफेटचा रोध २५ अंशांपासून १५० अंशांपर्यंत जाताना दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला रोध हा २५ अंशांचा असतो, आणि नागपुरात तो आकडा डिसेंबरच्या पहाटेसुद्धा चालू यंत्रात खरा ठरत नाही.

सिलिकॉन कार्बाइडचे मॉसफेट ६५० ते १,७०० व्होल्टपर्यंत सहज मिळतात, त्यांची स्विचिंगची ऊर्जा त्याच मापाच्या आयजीबीटीच्या कितीतरी खाली असते, आणि तापल्यावर त्यांचा रोध सिलिकॉनपेक्षा कमी वाढतो. मात्र त्यांच्या आतील डायोडचा ड्रॉप ३ ते ४ व्होल्ट असल्यामुळे डेड टाइम (एक घटक बंद होऊन दुसरा सुरू होईपर्यंतचा काळ) शक्य तितका लहान ठेवावा लागतो. वाहनांच्या जलद चार्जरच्या मॉड्यूलमध्ये सिलिकॉन कार्बाइड डायोड असलेला व्हिएन्ना रेक्टिफायर आता रूढ झाला आहे. गॅलियम नायट्राइड ६५० व्होल्टपर्यंत आणि शेकडो किलोहर्ट्झला उत्तम; आपल्या चर्चेतील आकाराच्या यंत्रांना तो क्वचितच लागतो.

तिसरी पायरी: व्होल्टेजची मर्यादा

उदाहरणातील चार्जरसाठी ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू २६० व्होल्ट धरू. पूर्ण उघड्या ब्रिजला ३५१ व्होल्ट मिळतात. पुरवठा दहा टक्क्यांनी घसरला तरी ३१६ व्होल्ट उरतात आणि ३०० व्होल्टची गरज भागते. उलट बाजूने, पुरवठा दहा टक्के वाढला तर शिखर ४०४ व्होल्ट होते. त्यावर अडीचपट सुरक्षिततेचा गुणक लावला की सुमारे १,०१० व्होल्ट येतात, म्हणून १,२०० व्होल्टचा घटक घ्यावा. थेट ४१५ व्होल्टवर बसणाऱ्या ब्रिजला याच हिशेबाने १,६०० व्होल्टचा घटक लागतो. हा गुणक काही जण दोनवर आणतात. मोठ्या मोटरच्या आणि वेल्डिंगच्या स्विचिंगमुळे, तसेच मृगाच्या विजांमुळे येणारे सर्ज पाहता औद्योगिक वसाहतीच्या फीडरवर तो अडीचच ठेवावा असे मला वाटते. घटकांच्या किमतीत पडणारा फरक त्यामानाने किरकोळ आहे.

चौथी पायरी: प्रवाह आणि तोटा

तीन फेज ब्रिजमध्ये प्रत्येक घटक चक्राच्या एक तृतीयांश काळ वाहतो. १०० अँपिअर डीसीसाठी प्रत्येक थायरिस्टरचा सरासरी प्रवाह ३३.३ अँपिअर आणि आरएमएस प्रवाह ५७.७ अँपिअर येतो. तोटा काढताना दोन्ही लागतात: थ्रेशोल्ड व्होल्टेज (ड्रॉपचा स्थिर भाग) गुणिले सरासरी प्रवाह, अधिक स्लोप रोध (प्रवाहाबरोबर वाढणाऱ्या भागाचा रोध) गुणिले आरएमएस प्रवाहाचा वर्ग. थ्रेशोल्ड ०.९ व्होल्ट आणि स्लोप ४ मिलिओहम धरल्यास ३० अधिक १३.३, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४३ वॅट, आणि सहा मिळून २६० वॅट. फ्लोट व्होल्टेजला पूर्ण प्रवाह दिला तर बाहेर जाणारी शक्ती २४.७ किलोवॅट असते, म्हणजे थायरिस्टरमधला तोटा जेमतेम एक टक्का आहे. येथे सिलिकॉन कार्बाइड घालून या एका टक्क्यातला थोडा भाग वाचवण्यासाठी दुप्पट-तिप्पट खर्च करण्यात अर्थ नाही. डीसी व्होल्टेज जितके मोठे, तितका एक-दीड व्होल्टच्या ड्रॉपचा प्रभाव कमी.

पाचवी पायरी: नवतप्यातील उष्णतेचा हिशेब

हाच या लेखाचा गाभा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असल्यामुळे उंचीपायी क्षमता कमी धरण्याची गरज नाही. बहुतेक उपकरणांची मानके १,००० मीटरपर्यंत लागू असतात. उष्णतेची गोष्ट मात्र वेगळी आहे. मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, टिनाच्या शेडखाली ते ५० पर्यंत पोहोचते, आणि पॅनेलच्या आतली हवा ६० अंशांवर असते असे धरूनच आरेखन करावे. अनेक आयात यंत्रे ४० अंशांच्या वातावरणासाठी बनवलेली असतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकातील क्षमता त्याच तापमानाला लागू असते.

जंक्शनचे तापमान हे हवेचे तापमान अधिक वाटेतल्या प्रत्येक उष्णता-रोधामुळे होणारी वाढ इतके असते. जंक्शनपासून केसपर्यंत (घटकाच्या बाहेरच्या कवचापर्यंत) ०.४ आणि केसपासून हीटसिंकपर्यंत (उष्णता हवेत टाकणाऱ्या पाकळ्यांच्या धातूपर्यंत) ०.१ अंश प्रति वॅट धरले, तर ४३ वॅटला जंक्शन हीटसिंकपेक्षा सुमारे २२ अंशांनी जास्त तापेल. थायरिस्टरच्या जंक्शनची मर्यादा सहसा १२५ अंश असते. आपण ११० वर थांबू. म्हणजे हीटसिंक ८८ अंशांपर्यंत जाऊ शकतो. पॅनेलची हवा ६० अंश असताना वाढीला फक्त २८ अंश उरतात, आणि २६० वॅट बाहेर टाकायला हीटसिंकचा रोध ०.११ अंश प्रति वॅट किंवा त्याहून कमी हवा. हवा ४० अंश धरली असती तर ०.१८ चालला असता. तेवढ्याच वॅटसाठी नागपुरातला हीटसिंक कितीतरी मोठा लागतो किंवा त्याला पंखा जोडावा लागतो तो या फरकामुळे.

पंखा लावला की दुसरा विचार करावा लागतो. कोराडी-खापरखेड्याच्या परिसरात कोळशाची व राखेची बारीक धूळ, सूतगिरणीत कापसाचे तंतू, भातगिरणीत कोंडा अशी प्रत्येक ठिकाणची वेगळी धूळ हीटसिंकच्या पाकळ्यांमध्ये बसते आणि काही महिन्यांत रोध वाढवते. म्हणून पंख्यासहित काढलेल्या रोधावर वीस-पंचवीस टक्के मोकळीक ठेवावी, हीटसिंकवर थर्मोस्टॅट बसवून तो ८५ अंशांना इशारा व ९५ अंशांना ट्रिप देईल असे करावे, आणि फिल्टर स्वच्छ करण्याची तारीख देखभालीच्या वहीत घालावी. उन्हाळ्यात पॅनेलच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्याने हवा थंड होते हे खरे, पण ओलसर हवा धुळीवर बसून टर्मिनलांमध्ये गळतीचा मार्ग तयार होतो. कूलरचा झोत पॅनेलच्या जाळीवर थेट येणार नाही एवढी तरी काळजी घ्यावी.

उष्णतेचा हिशेब थायरिस्टरच्या बाजूने आणखी एका कारणाने झुकतो. अ‍ॅक्टिव्ह फ्रंट एंड किंवा स्विचिंग चार्जर म्हटले की डीसी बसवर कपॅसिटर आले, आणि अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. थायरिस्टरच्या चार्जरमध्ये आउटपुटच्या फिल्टरखेरीज असा घटक फारसा नसतो. वातानुकूलित खोलीत आधुनिक चार्जर उत्तम चालतो. टिनाच्या शेडमध्ये तोच ठेवायचा असेल तर १०५ अंशांचे कपॅसिटर किंवा फिल्म कपॅसिटर आहेत की नाहीत हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे.

सहावी पायरी: पॉवर फॅक्टर आणि हार्मोनिक

थायरिस्टरची खरी दुर्बलता येथे आहे, आणि तिला मी कमी लेखत नाही. फ्लोटच्या २४७ व्होल्टसाठी फायरिंग अँगल सुमारे ४५ अंश येतो आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष वापरात येणारा वाटा) ०.६७ वर घसरतो. तोटे धरून २६ किलोवॅट घेण्यासाठी चार्जर ४१५ व्होल्टवर सुमारे ५४ अँपिअर ओढतो. तेच काम जवळपास एक पॉवर फॅक्टर असलेला आयजीबीटीचा फ्रंट एंड ३६-३७ अँपिअरमध्ये करतो. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने, आकारले जात असल्यामुळे हा फरक सरळ बिलात उतरतो. फ्लोटवर अत्यल्प प्रवाह घेणाऱ्या एकट्या चार्जरसाठी हा मुद्दा गौण आहे, पण दिवसभर पूर्ण भारावर चालणाऱ्या मोठ्या रेक्टिफायरसाठी तोच निर्णायक ठरू शकतो.

सहा पल्सच्या, म्हणजे वरच्याच सहा घटकांच्या, ब्रिजमध्ये आदर्श स्थितीत पाचवा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पाचपट वारंवारतेचा प्रवाह) २० टक्के, सातवा १४ टक्के आणि एकूण विरूपण सुमारे ३१ टक्के असते. स्टार आणि डेल्टा अशा दोन दुय्यम गुंडाळ्या घेऊन १२ पल्सचा रेक्टिफायर केला की दोन ब्रिजचे पाचवे व सातवे हार्मोनिक एकमेकांना रद्द करतात आणि विरूपण १५ टक्क्यांच्या आसपास येते. काही शे किलोवॅटच्या कामात, जेथे व्होल्टेज फारसे बदलायचे नसते, तेथे १२ पल्सचा डायोड किंवा थायरिस्टर रेक्टिफायर हा आयजीबीटीला टिकाऊ पर्याय आहे. वीज परत पाठवायची असेल, उदाहरणार्थ उंच लिफ्टमध्ये किंवा वारंवार ब्रेक लागणाऱ्या क्रेनमध्ये, तर मात्र आयजीबीटीचा फ्रंट एंडच घ्यावा.

सातवी पायरी: कमी व्होल्टेज आणि प्रचंड प्रवाह

प्लेटिंगच्या १२ व्होल्ट, १,००० अँपिअरच्या रेक्टिफायरमध्ये सगळे गणित उलटे होते. बाहेर जाणारी शक्ती १२ किलोवॅट, आणि साध्या ब्रिजमध्ये प्रवाहाच्या वाटेत दोन डायोड असल्यामुळे प्रत्येकी १.१ व्होल्टप्रमाणे २.२ किलोवॅट नुसते तापण्यात जातात. म्हणून जुन्या जाणत्या कारागिरांनी येथे ब्रिज न वापरता इंटरफेज ट्रान्सफॉर्मरसह (दोन स्टारमध्ये प्रवाह वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसह) दुहेरी स्टार जोडणी रूढ केली. तिच्यात वाटेत एकच डायोड येतो आणि तोटा १.१ किलोवॅटवर येतो. थायरिस्टर दुय्यम बाजूला न ठेवता ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला ठेवतात, कारण तेथे प्रवाह थोडा असल्याने त्याचा ड्रॉप जाणवत नाही.

नवी वाट म्हणजे प्राथमिक बाजूला आयजीबीटीचा २० किलोहर्ट्झचा फुल ब्रिज आणि दुय्यम बाजूला ०.६ व्होल्टचे शॉटकी. तोटा सुमारे ६०० वॅट. त्याही पुढे जाऊन गरम स्थितीत १.६ मिलिओहम रोध असलेले वीस मॉसफेट समांतर जोडून सिंक्रोनस रेक्टिफायर केला तर वाहण्यातला तोटा ८० वॅटपर्यंत खाली येतो. पाळीभर चालणाऱ्या यंत्रात ही बचत एक-दोन वर्षांच्या बिलात स्पष्ट दिसावी इतकी मोठी आहे, आणि म्हणून कमी व्होल्टेजच्या कामात मी निःसंकोच मॉसफेटच्या बाजूने आहे. अट इतकीच की प्लेटिंगच्या आम्लाच्या वाफा इलेक्ट्रॉनिक कार्डापर्यंत पोहोचू नयेत. रेक्टिफायर टाक्यांच्या हॉलबाहेर ठेवावा, आणि कार्डांवर संरक्षक लेप असावा.

आठवी पायरी: बिघाड झाल्यावर किती वेळ मिळतो

थायरिस्टर आणि डायोड यांच्याजवळ अर्ध्या चक्रापुरता मोठा धक्का सोसण्याची ताकद असते. ९० अँपिअर वर्गाचा थायरिस्टर १० मिलिसेकंद २,००० अँपिअरचे शिखर सोसत असेल, तर त्याचा आय-स्क्वेअर-टी (आरएमएस प्रवाहाचा वर्ग गुणिले काळ) २०,००० अँपिअर-वर्ग-सेकंद होतो. ज्याचा एकूण क्लिअरिंग आय-स्क्वेअर-टी याहून कमी आहे असा सेमीकंडक्टर फ्यूज लावला की घटक वाचतो. साधा एचआरसी फ्यूज येथे चालत नाही, कारण तो केबल वाचवण्यासाठी बनवलेला असतो आणि घटक गेल्यानंतर उडतो. फ्यूज बदलताना तोच वर्ग आणि तोच आकडा बसवला जातो आहे का, हे पाहण्याची जबाबदारी पाळीच्या इलेक्ट्रिशियनवर नुसती सोडू नये. सुटे फ्यूज पॅनेलमध्येच ठेवावेत.

आयजीबीटीला फ्यूजने वाचवता येत नाही. शॉर्ट सर्किट झाल्यावर त्याच्याजवळ साधारण १० मायक्रोसेकंद असतात, नव्या पिढीतील काहींजवळ त्याहूनही कमी; तेवढ्यात गेट ड्रायव्हरने डीसॅच्युरेशन (सुरू घटकावरचे व्होल्टेज अचानक वाढणे) ओळखून तो बंद करायला हवा. सिलिकॉन कार्बाइडला जेमतेम २ ते ३ मायक्रोसेकंद मिळतात. याचा अर्थ असा की या घटकांची विश्वासार्हता ही गेट ड्रायव्हरच्या विश्वासार्हतेएवढीच असते, आणि ड्रायव्हर कार्ड दुरुस्त करू शकणारा माणूस व कार्डाचा सुटा संच जवळ आहे का, हाही निवडीचाच भाग ठरतो. वीज गेल्यावर ब्रेकर ट्रिप करायला जे उपकेंद्र बॅटरीवर अवलंबून आहे, तेथे मी अजूनही थायरिस्टरचा चार्जर सुचवेन.

नववी पायरी: जोडणी आणि चाचणी

घटक बसवताना हीटसिंकचा पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असावा, थर्मल पेस्ट पातळ आणि एकसारखी लावावी. जाड थर उष्णता अडवतो. चकतीच्या आकाराचे प्रेस-पॅक थायरिस्टर सांगितलेल्या दाबानेच आवळावेत, अंदाजाने नव्हे. प्रत्येक थायरिस्टरला समांतर रोध-कपॅसिटरचा स्नबर आणि एसी बाजूला सर्ज शोषणारा व्हॅरिस्टर द्यावा. तीन फेज ब्रिजमध्ये एकाच वेळी दोन थायरिस्टर सुरू व्हावे लागतात, म्हणून प्रत्येकाला ६० अंशांच्या अंतराने दोन पल्स किंवा ६० अंशांहून लांब पल्सची माळ द्यावी. अन्यथा कमी भारावर ब्रिज सुरूच होत नाही आणि दोष थायरिस्टरचा आहे असे वाटत राहते.

पहिली चाचणी कमी व्होल्टेजवर दिव्यांच्या भारावर घ्यावी. ऑसिलोस्कोपवर, विलग प्रोब लावून, आउटपुटचा रिपल पाहावा: सहाही थायरिस्टर नीट चालत असतील तर त्याची वारंवारता ३०० हर्ट्झ असते. त्यात ५० हर्ट्झचा भाग दिसला तर एखादा थायरिस्टर सुरू होत नाही. १०० हर्ट्झचा दिसला तर एखादा फेज गेलेला आहे. डीसी बसवर कपॅसिटर असलेल्या यंत्रात वीज बंद केल्यावर निर्मात्याने सांगितलेला डिस्चार्जचा वेळ, निदान पाच मिनिटे, थांबून आणि मीटरने बस शून्यावर आल्याची खात्री करूनच हात घालावा.

त्यानंतर पूर्ण भारावर उष्णतेची चाचणी घ्यावी आणि हीटसिंकचे तापमान तासाला एका अंशाहून कमी बदलेपर्यंत ती चालू ठेवावी. तापमान घटकाच्या बुडाशी थर्मोकपल लावून मोजावे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड पिस्तुलाचे वाचन चुकते. चाचणी जानेवारीत झाली आणि पॅनेलची हवा ३२ अंश असताना हीटसिंक ६० वर स्थिरावला, तर वाढ २८ अंशांची आहे. मे महिन्यात ६० अंशांच्या हवेत तोच हीटसिंक ८८ वर जाईल, म्हणजे आपण आखलेल्या मर्यादेला बरोबर टेकेल. वाढ ३५ अंश आली असेल तर यंत्र हिवाळ्यात कितीही व्यवस्थित चालत असले तरी ते ताब्यात घेऊ नये. पंखा, पेस्ट आणि बोल्टचा दाब तपासून चाचणी पुन्हा घ्यावी. यंत्र थंड झाल्यावर बसबारचे सगळे बोल्ट एकदा टॉर्क पान्याने पाहून घ्यावेत, आणि मोजलेली वाढ, हवेचे तापमान, भार व तारीख यांची नोंद पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी, म्हणजे पुढच्या वर्षी पंखा किंवा पेस्ट थकली आहे का हे त्याच आकड्याशी ताडून पाहता येईल.